भानुताईंनी मोजलेली सावर

भानुताई झाडाजवळ गेल्या की पदर तोंडावर घट्ट धरायच्या आणि मान वळवायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, देवभोळी बाई, झाडाला मान देतेय. विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, माझा दम त्याच्या दमात मिसळला तर मशीन खोटं बोलंल."

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. खाडीकाठच्या मोरवा गावच्या. नवरा खाडीत जाळं टाकायचा. तो गेल्यावर त्या नोकरीला लागल्या. मी नवीन प्राध्यापक होते आणि माझं संशोधन होतं एका काटेसावरीवर: वर्षभरात ती हवेतला कार्बन डायऑक्साइड किती घेते आणि किती सोडते. दर महिन्याला आम्ही दोघी हा वायू मोजणारं मशीन घेऊन रिक्षाने चेणे गावाला, त्या झाडाकडे जायचो. खालच्या फांदीचं पान पारदर्शक डबीत धरायचं, डबीची नळी मशीनला जोडायची. मग भानुताई डबीवर काळं फडकं टाकायच्या. उजेडात कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारं तेच पान अंधार होताच तो बाहेर सोडू लागायचं.

"दिवसा जेवतंय, पन दम तर दिवसरात टाकतंय," त्या म्हणायच्या. "लोकांना त्याचं जेवनच ठावं हाय."

पावसाळ्यात आकडे भराभर चढले. थंडीत पानं पिवळी पडत गेली तसे उतरले. फेब्रुवारीत झाडावर एकही पान नव्हतं, नुसती लाल फुलं. माझ्या टेबलावर पेपर तपासायचे पडले होते. पानच नाही तर मोजायचं काय, म्हणून मी गेलेच नाही. वहीत सरळ शून्य लिहिलं.

वही सांभाळणं भानुताईंकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, हे शून्य कदी मोजलंत?"

"पानं कुठे आहेत, भानुताई?"

"पानं न्हाईत. झाड हाय ना?"

मला राग आला. "तुम्ही तुमचं काम बघा," मी म्हणाले. त्या वही मिटून निघून गेल्या.

शनिवारी मात्र त्या मशीन खांद्याला लावून माझ्या दारात हजर. आम्ही चेण्याला गेलो. खोडावर काटे नसलेली जागा शोधून त्यांनी वाटीएवढी डबी बसवली, कडेने पुट्टी लावून हवाबंद केली आणि बाजूला झाल्या. आकडा चढू लागला. पानं नसलेल्या त्या झाडाच्या सालीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. तरी शून्य लिहिताना माझा हात अडला नव्हता.

"मोजलं न्हाय तर जागा रिकामी सोडा," भानुताई हळूच म्हणाल्या. "शून्य लिवलं म्हंजे झाडानं तसं सांगितलं. त्यानं कुठं सांगितलं?"

सोमवारी मी माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शकांना खरं काय ते सांगितलं. त्या शनिवारआधी खोड तर कुठल्याच महिन्यात मोजलेलं नव्हतं. मार्चपासून पूर्ण वर्ष पुन्हा करा, असं त्यांनी सांगितलं. मे महिन्यात भानुताई निवृत्त झाल्या. जूनमध्ये मी शांतीनगरच्या माझ्या घरून एकटीच चेण्याला निघाले, तर नाक्यावर रिक्षाजवळ त्या उभ्या. "वर्स पुरं कुठं झालंय अजून?" एवढंच म्हणाल्या आणि आत बसल्या. पुढे डिसेंबरपर्यंत एकही महिना त्यांनी चुकवला नाही. जानेवारीत ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या.

मोरव्याला त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा सुनेने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "मॅडम, आई रिटायर झाल्या तरी तुमच्याबरोबर चेण्याला जायच्या. काय करायच्या तिकडं? विचारलं की नुसतं म्हणायच्या, काम हाय."

"झाडाचा श्वास मोजायच्या," मी म्हणाले.

"आम्हाला वाटायचं, त्या झाडलोटच करतात. आणि ते मोजलेलं बरोबर यायचं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. त्या शनिवारी, आणि त्यानंतरही कधी, मी त्यांची माफी मागितली नव्हती, तेसुद्धा.