हायवेला मांडव घालणारे काका

अमेरिकेतल्या एखाद्या हायवेवर पोटच्या पोरासारखा जीव लावलेला माणूस जगात एकच असेल, तर तो म्हणजे माझ्या रूममेटचे बाबा. हायवेनं त्या प्रेमाची काहीच कदर केली नाही, हे आत्ताच सांगून टाकते. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. माणसांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचं काम सरकारी खात्यांचं, माझं नाही.

आम्ही दोघी तिकडच्या अर्विंग गावात राहतो. आमचं अपार्टमेंट हायवेच्या या बाजूला, आपलं देशी किराणा-भाजीचं दुकान त्या बाजूला, आणि मध्ये सुसाट गाड्या. पायी माणसासाठी सिग्नल नाही, पट्टे नाहीत, धड दिवा नाही. बसचा थांबा मात्र पलीकडच्या गवतात रोवून ठेवलेला. म्हणजे इथे पायी चालणारी माणसं आहेत हे रस्ते खात्याला ठाऊक होतं. ती रस्ता ओलांडतात कशी, एवढंच ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. एका संध्याकाळी माझी रूममेट ऋतुजा कोथिंबीर आणि दही घेऊन परत येत होती आणि एका पिकअप ट्रकनं तिला उडवलं. जीव वाचला, खुब्याचं हाड मोडलं. मी पत्रकं काढली, दारोदार सह्या गोळा केल्या, सभेत नको तेवढ्या मोठ्यानं बोलले, आणि शेवटी खात्यानं सिग्नल, दिवे आणि मधला कठडा मंजूर केला. खड्डे खणले गेले. त्याच सुमाराला नागपूरहून तिचे बाबा, ज्यांना मी काका म्हणते, लेकीच्या शुश्रूषेला आले, आणि त्यांच्या पाठोपाठ लॉकडाउन आला. विमानं बंद, काम बंद, काका आमच्या हॉलमध्ये. ऋतुजा काठी घेऊन उभी राहायला लागली, पण अपार्टमेंटच्या गेटपाशी आली की तिचे पाय थिजायचे. ते पाहून काकांनी जाहीर केलं, "हिला त्या रस्त्यावरून चालवत पलीकडं नेईन, तेव्हाच विमानात बसीन."

काकांनी जन्मभर नागपुरात मंडप-डेकोरेशनचा धंदा केला. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना लग्नघर म्हणूनच दिसते. हॉस्पिटलबद्दल त्यांचं मत, "वाढपी चांगले आहेत, पण पंगत फार उशिरा बसवतात." फिजिओथेरपीच्या बाईंना ते विहीणबाईंना वचकावं तसे वचकून असत. आणि हायवेचं काम म्हणजे सरळसरळ मांडव. नवरी दारात उभी आहे, मांडव अर्धा आहे, आणि मालक म्हणतोय साथ आलीय. "अगं, वऱ्हाड आलं नाही तरी मांडव पडतोच," ते मला सुनवायचे. "आम्ही कर्फ्यूत मांडव घातले आहेत. पोलिसाला जिलबी दिली, काम चालू."

कामगारांची छोटी तुकडी परत आली, तसा काकांनी आपला मुक्काम अपार्टमेंटच्या कुंपणापाशी हलवला. घडीची खुर्ची, डोक्याला उपरणं, तोंडाला मास्क, मास्कवरून पुन्हा उपरण्याचं टोक. तिथून ते कामावर देखरेख करत. मेक्सिकन फोरमनला ते 'मुकादम' म्हणत आणि त्याच्याशी नागपुरी हिंदीत बोलत. तो स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचा, आणि दोघांचं दर वेळी एकमत व्हायचं. मजुराला उपाशी ठेवलं तर खांब वाकडा बसतो, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून ते रोज झणझणीत तर्री-पोह्यांचे डबे सिमेंटच्या ठोकळ्यावर ठेवायचे, नियमाप्रमाणे मागे सरकायचे, आणि ओवाळल्यासारखा हात हलवायचे. पहिल्या घासाला मुकादमाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. काका समाधानानं म्हणाले, "भरून आलं बिचाऱ्याला. इकडं कोण विचारतं मजुराला!"

ते मला 'पुढारीणबाई' म्हणायचे. खात्याची ऑनलाइन सुनावणी होती त्या दिवशी काकांनी सकाळीच अंघोळ करून कोट चढवला आणि लॅपटॉपसमोर मुलगी बघायला आल्यासारखे ताठ बसले. मी भाषण घोटून ठेवलं होतं. त्यात हक्क होते, संताप होता, रिकाम्या रस्त्यावर गाड्या आधीपेक्षा कशा बेफाम सुटल्यात ते होतं. वेळ संपली म्हणून मला मध्येच म्यूट केलं. मग काकांच्या नावाची पाळी आली, माईक पुन्हा सुरू झाला आणि ते बोलले. मी त्यांचं भाषांतर केलं, "साहेब, नवरी तयार आहे. मांडव केव्हा?" साहेब बराच वेळ, फार गोड बोलले.

"काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

"म्हणतो, आम्ही तुमचं ऐकलं."

"बरं. मग उत्तर काय?"

"ऐकलं, हेच उत्तर."

काकांनी कोट काढून हँगरला लावला. "हा माणूस मांडवाच्या धंद्यात असता ना," ते म्हणाले, "तर वऱ्हाड्यांनी त्याला खांबाला बांधला असता."

मला मात्र हसू येत नव्हतं, आजही येत नाही. कारण पलीकडच्या प्लॉटवर त्याच महिन्यांत एका कंपनीचं ऑफिस मजल्यावर मजला चढत होतं. त्यांच्या क्रेनला साथ आड येत नव्हती. काचा लागल्या, कारंजं बसलं. ते काम अत्यावश्यक, आणि माणूस जिवंत पलीकडे पोचणं हे सवडीनं करायचं! इकडे सिग्नलचे खांब उभे राहिले, त्यांवर दिवे चढले आणि दिव्यांच्या तोंडावर काळ्या पिशव्या बांधल्या गेल्या. "पाह्य बाप्पा," काका म्हणाले, "यालाही मास्क!"

त्या पिशव्या निघेपर्यंत हातावर हात धरून बसणं काकांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पार्किंग लॉटमध्ये रांगोळीनं हायवे काढला. खरे पट्टे, खऱ्या रुंदीचे, कुंपणातून डोळ्यांनी मापलेले. सिग्नल ते स्वतः झाले. थांबायला लाल उपरणं आणि चालायला हिरवा खण. इथे कुणाची तरी ओटी भरायला म्हणून काकूंनी बॅगेत घातलेला. ऋतुजा काठी टेकत पट्ट्यापाशी यायची आणि काका लाल दाखवून तिला उभी ठेवायचे.

"बाबा, एकही गाडी नाहीये," ती म्हणायची.

"नियम म्हणजे नियम."

"बाबा, प्लीज यार, पाय दुखतो."

"मांडवात घाई नाही," असं म्हणून काका आणखी थोडं थांबवायचे, मग खण उंच धरायचे, आणि ती पलीकडच्या कचरापेटीपर्यंत चालत जायची. शेजारचे लोक बाल्कनीतून टाळ्या वाजवायचे. त्या सबंध वर्षात पूर्ण झालेलं रस्तासुरक्षेचं एकमेव काम मी पाहिलं, ते हे. रांगोळीतलं.

मग खात्याचा ईमेल आला की पुढच्या आठवड्यात पिशव्या काढून सिग्नल सुरू करू. मी नाचले. काकांना मात्र एक शंका खात होती. मांडव उभारताना पहिला खांब पुजतात, त्याला डहाळे आणि हळकुंड-सुपारीची पुरचुंडी बांधतात, ती मुहूर्तमेढ. "तुमच्या या मांडवाची मुहूर्तमेढच झाली नाही," ते म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून पाहून राहिलो. कसा पूर्ण होईल?"

मी हसण्यावारी नेलं. काकांनी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते आमच्या बाजूच्या खांबापाशी गेले. आंब्याचे डहाळे नव्हते म्हणून ओकचे बांधले, पिवळ्या फडक्यात सुपारी, हळकुंड, नाणं गुंडाळून पुरचुंडी लटकवली, सिग्नलच्या यंत्राच्या पेटीवर हळदीकुंकवाची बोटं उमटवली आणि वर ओल्या अक्षता टाकल्या.

ज्या काळात माणसं दुधाची पिशवीसुद्धा पुसून घेत होती, त्या काळात सरकारी खांबाला लटकलेली अनोळखी पुडी आणि पेटीवर लाल-पिवळे ओले डाग! कामगारांनी फोन केला. पिवळी टेप लागली. पांढरे झगे आणि काचेचे मुखवटे घातलेली माणसं उतरली आणि त्यांनी पुरचुंडी लांब चिमट्यात धरून डब्यात बंद केली. तपासणी होईपर्यंत काम स्थगित. मी लिहिलं की ती हळद आहे, स्वयंपाकाची. उत्तर आलं, बाब विचाराधीन आहे. दरम्यान मुकादमाच्या तुकडीला दुसऱ्या कामावर पाठवलं. तपासताना उघडलेल्या पेटीत पाणी शिरलं, नवी पेटी मागवली, तर ती बनवणारा कारखाना बंद. सुपारी नसती तर त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण सुपारी आमची होती.

काका तेव्हा खुर्चीवरून हे सगळं बघत होते, आणि त्यांचा चेहरा फुलला होता. "पाहिलंस, पुढारीणबाई? तुझ्या कागदांनी इतके दिवस चार माणसं आली नाहीत. एका सुपारीनं केवढी आली! शिस्त पाहा. आपली सुपारी कशी जपून नेली, हातसुद्धा लावला नाही!"

मी तोंड उघडलं. ऋतुजानं माझा हात घट्ट दाबला. मी तोंड मिटलं. आयुष्यात असं माझ्याकडून फार कमी वेळा झालंय.

काकांच्या मुक्कामाची मुदत आणखी वाढेना. एका खास विमानात जागा मिळाली, आणि ती सोडली तर पुढची केव्हा हे कुणी सांगेना. निघताना त्यांनी ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. हिरवा खण कोटाच्या खिशात घातला. टॅक्सी हायवेला लागली तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि काळी पिशवी घातलेल्या त्या सिग्नलला दोन्ही हात जोडले.

आता निर्बंध उठलेत. दुकानं उघडलीत, पलीकडच्या काचेच्या ऑफिसात माणसं मास्कशिवाय हसत शिरतात. सिग्नलच्या तोंडावर पिशवी तशीच आहे, उन्हानं करडी पडलेली. वेबसाइटवर लिहिलंय, काम प्रगतिपथावर आहे. मी अजून पत्रकं लिहिते. लोक घेतात आणि पहिल्या कचरापेटीत टाकतात.

रोज सकाळी आम्ही दोघी पार्किंगमध्ये रांगोळीचे पट्टे काढतो आणि फोन एका गाडीच्या बॉनेटवर टेकवतो. नागपुरात तेव्हा संध्याकाळ असते. काका गोदामात, घड्या घातलेल्या कनातींच्या ढिगावर बसलेले असतात.

"काढला का गं त्यानं मास्क?"

"नाही, काका."

ते फोन डोळ्यांजवळ नेऊन रांगोळी निरखतात. मग म्हणतात, "मधला पट्टा वाकडा आला आहे. उद्या नीट काढा." आणि खण उंच धरतात. ऋतुजा दोन्हीकडे बघते, काठी उचलते, निघते. कधी कधी मध्येच नेट अडकतं. काकांचा हात तसाच वर राहतो, हिरवा, हलत नाही. ती चालत राहते.