न पाहिलेला पोलीसपट

विनायककाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या वेरिबी उपनगराच्या हॉलमध्ये ज्येष्ठांच्या शनिवारच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडत होते. शैलाकाकू एवढंच म्हणाल्या, "मीनल, हे गेले गं. सकाळी, झोपेतच." त्यानंतरच्या सगळ्या कामांची मी यादी केली आणि एकेक करून ती उरकलीही. एक काम मात्र दोन वर्षांपूर्वी मी न करताच खोडलं होतं. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

काका इथे मुलाकडे राहायला आले ते एका जुन्या कृष्णधवल मराठी पोलीसपटाचं वेड सोबत घेऊन. "त्याआधी आपल्या सिनेमात पोलीस शेवटी जीपमधून यायचे, सगळी मारामारी आटोपल्यावर," ते हसत सांगायचे. "हा इन्स्पेक्टर पहिल्या दृश्यापासून हजर आहे. आणि समोरच्याचं ऐकून घेतो." आजच्या एखाद्या मालिकेत थंड डोक्याचा अधिकारी दिसला की म्हणायचे, "हा बघ, त्याचाच नातू!" माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवत एकदा म्हणाले, "निवांत बघ. मग आपण बोलू. इथे याच्याबद्दल बोलायला मला कुणी नाही."

'काकांचा सिनेमा' ही ओळ माझ्या वहीत एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहिली. शेवटी एका रविवारी कंटाळून मी ती खोडली... आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पिताना मी बेधडक म्हणाले, "पाहिला, काका! शेवटचा पाठलाग तर भारीच."

"पाठलाग?" काका म्हणाले. मग उठले आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी निरखत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, विषय संपला. "चला, मला अजून दोन ठिकाणी जायचंय," म्हणत मी निघाले.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी सिनेमा पाहिला. त्यात पाठलाग नाहीच. आपला हवालदार खोटं बोलतोय हे इन्स्पेक्टरला कळतं. तो आवाज चढवत नाही. उठतो आणि त्याच्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभा राहतो. तोंडाकडे कुणी बघत नसलं की खरं बोलणं जरा सोपं जातं, म्हणून. हवालदार बोलतो. मी बोलले नव्हते...

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. "काकू, तेव्हा मी सिनेमा पाहिलाच नव्हता."

"माहीत आहे गं," काकू कपबशा पुसता पुसता म्हणाल्या. "तू गेल्यावर मला म्हणाले, आज नाही बोलली. बोलेल पुढच्या वेळी."

पुढच्या वेळा पुष्कळ आल्या होत्या. दर वेळी काका मला गाडीपर्यंत सोडायला यायचे. मी पट्टा लावून आरसा नीट करेपर्यंत, उघड्या खिडकीवर हात टेकवून रस्त्याकडे बघत उभे राहायचे... आणि मी म्हणायचे, "काका, हात काढा ना, उशीर होतोय."