जुन्या पाळकीणबाई

प्रवचन लांबलं की पाळकीणबाई आपलं गीतांचं पुस्तक रुमालात बांधायला घ्यायच्या. पहिली गाठ सावकाश मारत. तिच्याकडे पाळकसाहेबांनी दुर्लक्ष केलं तरी चालायचं. दुसरी गाठ मात्र रुमालाची टोकं ओढून, समोरून दिसेल अशी मारत. ती पडली की साहेब वाक्य असेल तिथे आवरतं घेत आणि म्हणत, "आमेन."

एकदा साहेबांनी बायबलातल्या योनाला माशाच्या पोटातच ठेवून आशीर्वाद देऊन टाकला. बाहेर पडताना कुणीतरी विचारलं, "बाई, योनाचं काय झालं मंग?"

"काई नाई होत त्याले," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी निघते बाहेर."

"काई नाई होत" हा त्यांचा पालुपदासारखा शब्द होता. लेकरू पडलं, भाकर करपली, कुणाची पोरगी परीक्षेत नापास झाली, सगळ्यांवर बाईंचं एकच औषध. ते लागूही पडायचं, कारण हे म्हणताना त्या थांबत नसत. म्हणता म्हणता लेकराचा गुडघा धुवायला लागलेल्या असत.

आमचं देऊळ लहान. कौलारू, पुढे कडुनिंब, मागे पाळकसाहेबांचं घर, आणि बाजूला मिशनची मुलींची शाळा. त्या शाळेत मी शिकवायची आणि शाळेला लागून असलेल्या खोलीत राहायची. मंडळी म्हणाल तर वीस-पंचवीस घरं. दवाखान्यातले कंपाउंडर, शाळेतल्या बाया, दोन-चार शेतकरी, एक शिंपी. पाळकसाहेब सायकलनं इकडे केळझर, तिकडे पवनारपर्यंत फिरत आणि इथल्या मंडळीचं दुखणंखुपणं बाई पाहत. तुम्ही कुठलीही लहान वस्ती जवळून पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथला कारभार दिसतो एकाचा आणि चालतो दुसऱ्याच्या जिवावर. आमच्याकडे तो बाईंच्या जिवावर चालायचा.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. वर्ध्याचे मिशनचे गोरे साहेब आपलं सामान विकून मायदेशी निघून गेले होते. आता सगळं आपलंच, आपणच पाहायचं, असं पाळकसाहेब प्रवचनात सांगत. ऐकताना बरं वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची. त्याच वर्षी भादव्यात साहेबांना मुदतीचा ताप आला. ताप उतरतो आहे असं वाटत असतानाच एका दुपारी ते गेले.

बाई रडल्या नाहीत.

आमच्याकडे हे फार वाईट समजतात. रडणं आत राहिलं तर माणूस वेडं होतं, असं बायका म्हणतात. एका म्हातारीनं बाईंचा दंड धरून हलवला. "रड व माय, रड," म्हणाली. बाईंनी तिला बसायला पाट दिला. दुसरीनं साहेबांच्या टोपीवरून हात फिरवत गळा काढला. बाईंनी तिला पाणी आणून दिलं. कबरस्तानात काळी माती पावसानं चिकट झाली होती. फावड्याला लागलेली माती सुटत नव्हती, तर बाईंनी जवळची एक काटकी उचलून खणणाऱ्याला दिली. "यानं खरवड," म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्या फावड्याकडे बघत होत्या.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पाऊस सरला आणि ऊन कडक पडू लागलं. बाई सकाळी उठून देऊळ झाडत, आजाऱ्यांकडे जात. कुणी बरे आहात का विचारलं तर "बरी आहो" म्हणत. "काई नाई होत" मात्र त्यांच्या बोलण्यातून गेलं. ते गेल्याचं मला उशिरा लक्षात आलं. शाळेच्या पायरीवर एक मुलगी पडली, बाई तिथेच होत्या. त्यांनी तिला उचललं, गुडघा धुतला, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मुलगी रडायची थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

दसरा झाल्यावर नवे पाळक आले. नगरकडचे, तरुण, नुकतेच शिकून बाहेर पडलेले. बरोबर बायको आणि मांडीवरचं लेकरू. घर पाळकाचं असतं, पाळकाच्या विधवेचं नसतं. हे कुणाला सांगावं लागलं नाही. बाईंनी आपली ट्रंक आदल्या दिवशीच मागच्या खोलीत नेऊन ठेवली होती. पुढच्या खोल्या शेणानं सारवून, माठ भरून, चुलीत लाकडं रचून त्या दारात उभ्या राहिल्या. नव्या बाई बैलबंडीतून उतरल्या तशा त्यांनी लेकरू हातात घेतलं आणि म्हणाल्या, "ऊन लय आहे. आत चाला."

नव्या साहेबांचं पहिलं प्रवचन चांगलं झालं. पण लांबलं. आणि माझ्या पुढच्या बाकावर बाईंनी सवयीनं रुमाल काढला. पहिली गाठ. सगळी मंडळी जागी झाली. दुसरी गाठ. साहेब बोलतच राहिले. त्यांना काय माहीत! कुणीतरी मागून हसलं. बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं, दोन्ही गाठी सोडल्या, पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं आणि प्रवचन संपेपर्यंत त्याच पानाकडे बघत बसल्या.

नव्या बाई मनानं सरळ होत्या. त्यांना आमची बोली कळायची नाही. "पोट्टी रडून राह्यली", म्हणजे पोर रडते आहे, असं म्हटलं की त्या कुणी राहिलं आहे का ते पाहायला जायच्या. जुन्या बाईंना त्या मावशी म्हणत. मावशी, हे कुठे ठेवू. मावशी, त्या घरी मी जाऊ का. बाई सगळं सांगत. रागानं नाही, मायेनंही नाही. वाट विचारणाऱ्याला सांगावं तसं.

कार्तिकात आमच्याकडे उपकारस्तुतीचा सण असे. शेतातलं पहिलं पीक देवळात आणायचं. ज्वारीची कणसं, सीताफळं, भोपळे, पहिल्या वेच्याचा कापूस. त्याच दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर खायची आणि सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा. आमच्याकडे द्राक्षारस म्हणजे मनुका भिजवून, कुस्करून, मलमलच्या फडक्यातून गाळलेलं पाणी. ते इतकी वर्षं बाई करत. सणाच्या आदल्या दुपारी त्यांनी नव्या बाईंना शिकवायला घेतलं. मी ज्वारीच्या कणसांच्या जुड्या बांधत तिथेच बसले होते.

"नीट कुस्करा," बाई म्हणाल्या. "साल राहू द्या, गर सुटला पायजे."

नव्या बाई कुस्करत होत्या. मध्येच लेकरू रडलं म्हणून त्या उठून गेल्या. बाईंनी पातेलं आपल्याकडे ओढलं आणि हात पाण्यात घातले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मले रडू येऊन नाई राह्यलं."

मी जुडी बांधायची थांबले.

"लोक म्हणतात लय धीराची आहे. धीर-बीर काई नाई. हात बधिर होते न, झोपीत अंगाखाली दबला तं? उचलला तरी आपला वाटत नाई. तसं झालं आहे. प्रार्थना करतो तं तोंड बोलते, मी दूर बसून ऐकतो. साहेबांचा सदरा हातात घेतला, वास घेऊन पाह्यला. काईच नाई. सदरा होता, बस." त्यांनी फडकं पिळलं. "माझ्यात काई खराबी झाली का व?"

मी नाही म्हटलं. दिवस जावे लागतात, असं काहीतरी म्हटलं. त्यांनी मान हलवली. नव्या बाई लेकराला घेऊन परत आल्या आणि आम्ही रस गाळला.

दुसऱ्या दिवशी देवळात सीताफळांचा वास भरला होता. प्याला बाकाबाकांवरून फिरत आला. बाईंनी तो हातात घेतला, क्षणभर धरला, आणि ओठाला न लावता शेजारणीकडे दिला. कपड्यांच्या सळसळीवरून कळलं की सगळ्यांनी पाहिलं आहे. आमच्यात असं माणूस कधी करतं? कुणाशी वैर असेल तर. किंवा विश्वास सुटला असेल तर. नव्या साहेबांचा चेहरा पडला.

उपासनेनंतर मी बाईंचं ताट घेऊन मागच्या खोलीत गेले. पाठोपाठ साहेब आले. दारातच उभे राहिले.

"बाई, तुम्ही प्याला घेतला नाहीत."

"नाई घेतला."

"माझं काही चुकलं का? मी आलो, तुमचं घर..."

"तुमचं काऊन चुकन? चांगलं बोलले तुम्ही आज." बाई ट्रंकेवर बसल्या होत्या, त्यांनी साहेबांसाठी पाट सरकवला. "माझंच आतून काई हालून नाई राह्यलं. देवासमोर तोंडदेखलं कायले करू?"

साहेबांनी तोंड उघडलं. शास्त्रातलं वचन ओठांवर आलं असावं, ते शिकलेले होते आणि अशा वेळची वचनं पाठ असतात. पण ते बोलले नाहीत. पाटावर बसले. मग म्हणाले, "मला कळत नाही तुम्हाला काय सांगावं ते."

"मंग नका सांगू," बाई म्हणाल्या. "जेवले काय?"

साहेब जेवले नव्हते. बाईंनी आपल्या ताटातली अर्धी भाजी-भाकर काढून त्यांच्यासमोर ठेवली. दोघं जेवले. मला वाटतं, त्या दिवशी ते आमचे पाळक झाले.

गावात कुजबुज झालीच. देवळाच्या पंचांपैकी एकानं बाईंना समज द्यावी असं सुचवलं. साहेबांनी त्याला सांगितलं, "समज मला आली आहे. तेवढी पुरे." विषय तिथे मिटला. बाईंनी कायमचं मागच्या खोलीत राहावं, असंही साहेबांनी पंचांकडून कबूल करून घेतलं. नव्या बाईंना तर आनंदच झाला.

ते टिकलं नाही, पण त्यात दोष कुणाचाच नव्हता. एका सकाळी आम्ही तिघी अंगणात शेंगा निवडत होतो. शिंप्याची बायको फाटकातून धावत आली. तिच्या सासूला भोवळ आली होती. "पाळकीणबाई!" तिनं हाक मारली. "लवकर चाला!"

दोघीही उठल्या.

शिंपीण गोंधळली. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली. नव्या बाई लाजून खाली बसू लागल्या. त्याआधीच जुन्या बाई बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

"तुम्ही जा," त्या नव्या बाईंना म्हणाल्या. "पोट्टीले इथं ठेवा. अन् जाता जाता कांदा न्या फोडून, हुंगाले."

त्या गेल्यावर बाईंनी शेंगा संपवल्या. मग म्हणाल्या, "मी अल्लीपूरले जातो." तिथे त्यांचा धाकटा भाऊ शेती करायचा. त्याचं बोलावणं आधीच येऊन गेलेलं होतं.

मी म्हटलं, "बाई, इथं सगळे आहेत तुमचे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "मी इथं राह्यली तं हाक मलेच मारतीन लोक. थे पोरगी जन्मभर पाहुणी राहीन आपल्याच घरात. एका घरी दोन पाळकिणी नाई चालत."

नव्या बाईंनी दोन दिवस विनवण्या केल्या. साहेबांनी एकदाच विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. भाऊ बंडी घेऊन आला त्या दिवशी सगळी मंडळी कडुनिंबाखाली जमली होती. बायका रडत होत्या. बाई एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. चेहरा जुन्या साहेबांना माती दिली त्या दिवशीसारखाच कोरडा. नव्या बाईंच्या कडेवरच्या लेकरानं त्यांचा पदर धरला. त्यांनी एक एक बोट उलगडून तो सोडवला आणि बंडीत चढल्या.

पुढच्या रविवारी प्रवचन पुष्कळ लांबलं. कुणी काही केलं नाही.

वर्ष गेलं. शाळेतल्या एका मुलीचं लग्न अल्लीपूरला होतं, म्हणून मी तिकडे गेले. मांडवातली गर्दी ओसरल्यावर बाईंच्या भावाचं घर विचारत निघाले. घरी कुणी नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं वावराकडे बोट दाखवलं.

कापूस वेचणाऱ्या बायांची रांग चालली होती, एकेकीला कपाशीचा एकेक तास, म्हणजे एकेक ओळ. कमरेला ओटी बांधून सगळ्या वाकलेल्या. त्यांत बाई मला आधी ओळखू आल्या नाहीत. उन्हानं रापल्या होत्या, डोक्याला फडकं गुंडाळलं होतं. मला पाहून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आल्या.

"अव माय, तुम्ही? पाणी प्याले का?"

आम्ही बोरीच्या सावलीत बसलो. नव्या बाईंची चौकशी केली, लेकरू चालायला लागलं का विचारलं. मी सांगितलं, नव्या बाई आता "पोट्टी" म्हणायला लागल्या आहेत. त्या किंचित हसल्या. मग आपली उजवी तर्जनी माझ्यापुढे धरली. बोंडाच्या वाळक्या टोकांनी ओरखडली होती.

"मागच्या हप्त्यात रडली मी," त्या म्हणाल्या. साधी बातमी सांगावी तसं.

"कशानं?"

"बोंड टोचलं. एवढंसंच रगत आलं. अन् जे सुरू झालं, थे तासाच्या टोकापर्यंत थांबेच ना. बायांले वाटलं साप चावला. एक पाय पाहे, एक मांत्रिक बोलवा म्हणे." त्या बोटाकडे बघत राहिल्या. "साहेब गेले, रडली नाई. घर गेलं, नाई. अन् बोंड टोचलं तं..."

"आता बरं वाटतं का?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "बरं नाई वाटत," म्हणाल्या. "दुखते."

असं म्हणून त्यांनी ओटी सावरली. रांगेतून कुणीतरी हाक मारली, "अव आत्याबाई, तुमचा तास मागं राह्यला!" बाईंनी तिथूनच "आली, आली," म्हटलं आणि मला म्हणाल्या, "जेवल्याबिगर जाऊ नका. संध्याकाळी घरी येजा."

माझी गाडी त्याआधीच होती. मी धुऱ्यावर थोडा वेळ उभी राहिले. त्या आपल्या तासात वाकून दोन्ही हातांनी वेचत पुढे जात होत्या. इतर बाया पुष्कळ पुढे गेलेल्या होत्या, आणि बाईंची ओटी हळूहळू भरत होती.