तोंड उघडायचं नाही

"बोल ना गं. तुझ्या मराठीत बोल."

बाईने माइक माझ्या तोंडाशी धरला. जर्मनीतल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींची दिवाळी चालली होती. पैठण्या, झब्बे, चकल्या, सगळं. मी बाईचं बाळ कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी होते. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी म्हटलं, "काय बोलू? मले नाही येत."

हॉल हसला. "मले!" एक गृहस्थ मांडी थोपटत ओरडले. "परत, परत!" मी परत म्हटलं. ते पुन्हा हसले. आणि मी मूर्ख, त्यांच्याबरोबर हसले. घरी येऊन भांडी घासताना अंगाची आग झाली. माझ्या आईची भाषा मी त्यांच्या करमणुकीला वाढून आले होते.

बाई नागपूरचीच. माझी आई तिच्या माहेरी धुणीभांडी करायची, बाप गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठे उचलायचा. बाळ सांभाळायला म्हणून तिने मला नेलं. विमानातून उतरताच माझा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये गेला. घरी पोचल्यावर तिने बॅगेतून एक स्टीलचं ताट आणि पेला काढला. खास माझ्यासाठी नागपूरहून बांधून आणलेला. देश बदलला, पेला वेगळाच राहिला.

"इथली भाषा शिकायच्या भानगडीत पडू नकोस," ती म्हणाली. "बेल वाजली तरी दार उघडायचं नाही. पोलीस उचलून नेतील, आणि तुला काही सांगताही येणार नाही."

नवराबायको कामाला गेले की घर गप्प व्हायचं. जिन्यात बुटांचा आवाज आला की मी दारापासून लांब सरकायचे. बाळ रडेल म्हणून मी त्याला छातीशी घट्ट धरायचे. तेव्हा दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. गरजच नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी जिन्यात कोणीतरी धापा टाकताना ऐकू आलं. दाराच्या भोकातून पाहिलं. शेजारची म्हातारी पिशव्या टाकून आमच्या दारात बसली होती, तोंड लालभडक. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, कोण-कुठला ते मग विचारतात. हात आपोआप कडीवर गेला. घाईत हाती आला तो माझाच पेला. दिल्यावर जीभ चावली. पण म्हातारी त्याला ओठ लावून घटाघटा प्यायली. पेला परत देताना तिने माझा हात धरला. त्या देशात पहिल्यांदाच कोणी माझा हात धरला होता. मला रडूच फुटलं.

मग ती दुपारी पायरीवर बसून बोटाने दाखवायची आणि शब्द सांगायची. दार. मूल. किल्ली. मदत. मी भुकेल्यासारखी गिळत गेले.

तिनेच कौतुकाने बाईला सांगितलं. झालं. "कोणाला विचारून तोंड उघडलंस?" बाई आवाज न चढवता म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून बाहेरून कुलूप. स्वतःच्या बाळासकट तिने मला कोंडलं. आग लागली तर? खिडकीपाशी बसून मी हाच विचार करायचे.

एका सकाळी बाई दार ओढून घेत होती आणि म्हातारी जिना उतरत होती. मी फटीत पाय घातला. दार पायावर आदळलं. मी तिथल्या भाषेत ओरडले. तोडकं, मोडकं. "किल्ली! मदत! बाई मला कोंडते!" म्हातारी थांबली. बाई हसत तिला काहीतरी म्हणाली. त्यातला "वेडी" हा शब्द मला कळला.

"नाही," मी त्याच भाषेत म्हटलं.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. इतके दिवस मी तिला भ्यायले होते. आता ती माझ्या तोंडाला भ्यायली. लगेच तिकीट काढून तिने मला नागपूरला धाडलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी सांगितलीच नसती. परवा सुट्टीत माहेरी आलेली बाई आमच्या खोलीत आली. एकुलत्या खुर्चीवर बसली. माझी धाकटी बहीण सीताबर्डीत कपड्याच्या दुकानात काम करते. बाईला आता ती हवी होती.

आई हळूच मला म्हणाली, "जाऊ दे वं तिले. तुयं नाही जमलं, तिचं जमन."

बाई बहिणीकडे पाहून गोड हसली. "फक्त तिथली भाषा शिकू नकोस हं. डोकं फिरतं मुलींचं."

मी दार सताड उघडलं. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगायला लागले. पासपोर्ट, पेला, कुलूप.

"हळू बोल," बाई म्हणाली.

"काहून हळू बोलू? ऐकू द्या लोकायले. माही बहीण तुमच्यासंग नाही येत."

बहीण माझ्यामागे येऊन उभी राहिली. आईने मान खाली घातली. बाई उठली, पदर सावरला, गाडीत बसली. वाटलं, गेली पीडा. पण गाडी मोठ्या रस्त्याकडे वळली नाही. पुढच्या गल्लीत शिरली. तिथेही पोरी आहेत. शाळा सुटलेल्या, घरात बसलेल्या, परदेश म्हटलं की डोळे चमकणाऱ्या.

मी चपला घातल्या. ही बाई ज्या ज्या घरात पोरगी मागायला बसेल, त्या घरात मी जाणार. हाकललं तर बाहेर उभी राहून सांगणार. कुलपाआड गेलेल्या पोरीचा आवाज नागपूरपर्यंत पोचत नाही.