वहीतलं सविताचं नाव

बहिणींनो, आज मन थाऱ्यावर नाही.

माझी लेक रूथ कालच नांदेडला कॉलेजच्या मुलामुलींत प्रभूची सेवा करायला इंटर्न म्हणून लागली. आधीच्या ताईंनी तिला रोजच्या प्रार्थनेची वही दिली. त्यातली मुलींची नावं तिनं मलाही सांगितली. सकाळी इथं लातूरला पाण्याच्या टँकरची वाट बघत मी एकेकीसाठी प्रार्थना केली. भोकरची सविता, तिला परीक्षेत यश दे.

दुपारी रूथनं सविताला बायबल अभ्यासाला बोलवायला फोन लावला. सविताच्या आईनं उचलला.

"सविता गेली की गं माय. पाणी शेंदताना इहिरीत पडली. दोन महिने झाले."

रूथ गांगरून बोलून गेली, "काकू, आम्ही तर रोज तिच्यासाठी प्रार्थना करतो."

"रोज नाव घेता? मग घेत ऱ्हावा. इथं तर घरात कुणी तिचं नाव काढू देईना मला. घेताल ना?"

रूथ "हो" म्हणाली आणि मला फोन करून रडली.

आपल्या ख्रिस्ती मंडळीत वारलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मीच तिला हे शिकवलं. पण संध्याकाळी गुडघे टेकले, तर पहिलं नाव सविताचंच आलं, आणि पुढं काय मागावं ते सुचेना.

पोरीला मी काय सांगू? वाचाल तसं दोन ओळींत कळवा.