फ्रीजरमधलं फुल सिंथेटिक

इंजिन ऑईल फ्रीजरमध्ये ठेवू नये असं कुठंही लिहिलेलं नाही, म्हणून मी ठेवलं.

दोष खरं तर आमच्या राजुरीच्या बाळू मिस्तरीचा. रविवारी अवसरी बुद्रुकला सुनंदाच्या भाचीचा साखरपुडा होता. सुनंदा म्हणजे माझी बायको. सासरे, म्हणजे दादा, गुडघ्यांच्या दुखण्यावर इलाज करायला आठवडाभर आमच्याकडंच राहिले होते, त्यांनाही गाडीतून न्यायचं होतं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी ऑईल बदलायला दिली. बाळूनं जुनं ऑईल काढून टाकलं आणि विचारलं, "सर, नवं कुठलं घालू?"

"फुल सिंथेटिक," मी ऐटीत म्हणालो. (डब्यावर हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, एवढंच मला माहीत.)

"त्ये खरं वो, पन बेस ऑईल कुठल्या ग्रुपचं?"

मला एकच ग्रुप माहीत होता, मोबाईलवरचा. बाळूनं समजावलं, "डब्यात मूळ तेल आसतं, त्ये बेस ऑईल. वरनं त्यात औषधं टाकत्यात. एका ग्रुपचं मूळ तेल जमिनीतल्याच तेलाला धू-धू धुवून केल्यालं, दुसऱ्याचं कारखान्यात पार नव्यानं घडवल्यालं. आन् डब्यावर दोन्हीच्याबी फुल सिंथेटिकच!"

"मग ओळखायचं कसं?"

"त्येच तर कुनाला कळत न्हाई राव!"

झालं! मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. जे कुणाला कळत नाही ते आपल्याला कळलंच पाहिजे, हा आम्हा मास्तरांचा जुना रोग. घरी येऊन व्हिडिओ लावला. एक हिंदी भाऊसाहेब सांगत होते की चांगलं बेस ऑईल कितीही गारठलं तरी वाहतं, हलक्या प्रतीचं घट्ट होतं. मी तडक बाळूकडून तीन डब्यांतलं थोडं थोडं ऑईल आणलं, तीन वाट्यांत ओतलं, वाट्यांना एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या. घरात बजावलं, "कुणी हात लावायचा नाही!" (का, ते सांगितलं नाही. संशोधक सांगत नसतात.)

शनिवारी सकाळची शाळा उरकून आलो, फ्रीजर उघडला. चिठ्ठ्या ओल्या होऊन खाली बर्फाला चिकटलेल्या! वाट्या मात्र तीनच्या तीन. पहिली तिरकी केली, ऑईल वाहिलं. दुसरी, वाहिलं. तिसरी पार उलटी केली, तर थेंब पडेना! पिवळंधमक, दगडासारखं! आणि त्यात काळे काळे कण!

धातूचा चुरा! शुद्ध भेसळ!

पण ही वाटी कितव्या नंबरची? रंगावरून एक नंबर वाटे, वासावरून काहीच वाटेना (नाक गारठलं होतं). शेवटी मी ठरवलं की हे तीन नंबरच. कारण ते सगळ्यात महाग होतं, आणि महाग वस्तूतच माणूस फसतो. ते आळेफाट्याच्या एका दुकानातून आलेलं. वाटी डब्यात ठेवली, भोवती बर्फ भरला आणि स्कूटर काढली.

दुकानात सातआठ गिऱ्हाईकं. मी डबा काउंटरवर आपटला.

"हे तुमचं फुल सिंथेटिक! घरच्या फ्रीजरात दगड झालं! याचं बेस ऑईल कुठल्या ग्रुपचं? आणि हा धातूचा चुरा कुठनं आला?"

दुकानदार घाबरलाच. लोक पुढं सरसावले. "बघू, बघू! सर, ग्राहक मंचात जावा!" मी आणखी चढलो, बेस ऑईलवर चार वाक्यं इंग्रजीत ठोकली. तोवर दुकानदारानं वाटी नाकाशी नेली, नखानं एक काळा कण उचकटला, दातांखाली धरला.

"सर," तो हळूच म्हणाला, "ह्यो ओवा हाय."

"काय?"

"ओवा. भजीत घालत्यात त्यो."

दुकानात जो हशा पिकला, तो मला घरापर्यंत ऐकू येत होता.

घरी सुनंदा दारातच. "अहो, माझं तळणीचं तेल कुठंय?"

"ते फ्रीजरमध्ये कशाला ठेवलंस?"

"तुम्ही तेल थंड करत होता ना! मला वाटलं, नवीन काहीतरी निघालंय, त्यानं तेल टिकत असंल. सकाळी दोनच वाट्या होत्या, जागा होती, ठेवलं मी."

दोनच? मग तिसरी?

तेवढ्यात दादा बाहेर आले. काठीशिवाय! गुडघे नव्या बादलीसारखे लखलखत होते.

"जावईबापू," त्यांनी माझा हात धरला, "न सांगता माझ्या गुडघ्यासाठी गार तेल करून ठिवलं तुमी! लेकबी येवढं करीत न्हाई. लई गुन हाय बगा. रात्री परत लावतो."

आता या माणसाला काय सांगू? सुनंदानं मला डोळ्यांनीच दटावलं. 'हे तेल मुरलं की धुवायचं असतं' म्हणून तिनं दादांचे गुडघे साबणानं तीनदा घासले आणि वाटीत गुपचूप तिळाचं तेल भरलं. इकडं माझा गोंधळ तसाच. कुठलं ऑईल चांगलं, ते अजून कळलं नव्हतंच!

रविवारी सकाळी आम्ही नटूनथटून बाळूच्या दारात. दादा मागच्या सीटवर, फेटा बांधून. हात पुसायला फडकं शोधत बाळूनं समोरचा कप्पा उघडला आणि प्लास्टिकच्या न फोडलेल्या पिशवीतलं पुस्तक बाहेर काढलं.

"सर, ह्ये गाडीचं पुस्तक. ह्यात आसंल की कुठलं ऑईल ते. इंग्रजी हाय, तुमीच वाचा."

वाचलं. डब्यावर कुठली खूण हवी, ते एका ओळीत होतं. बाळूकडच्या तिन्ही डब्यांवर तीच खूण होती; कुठलंही चाललं असतं. खाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती: ऑईल कातडीला लागू देऊ नये, लागल्यास ताबडतोब धुवावे.

"काय लिवलंय तेलाचं?" मागून दादा पुढं वाकले. "वाचा की मोठ्यानं!"

मी पुस्तक मिटलं. "दादा... इंग्रजी फार अवघड आहे. मला नाही वाचता येत."

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. सांगनार न्हाई कुनाला."

अवसरीत मांडवात जेवणं चालली होती. दादा काठीशिवाय उभे राहिले आणि भरल्या पंगतीला म्हणाले, "आमचं जावई इंग्रजीचं मास्तर हायेत. इंग्रजी येत न्हाई त्यास्नी, पन तेलातलं जेवढं कळतं, तेवढं पुऱ्या जुन्नर-आंबेगावात कुनाला कळत न्हाई!"

पंगतीत टाळ्या पडल्या. त्यातलं 'मास्तर' सोडलं तर काहीच खरं नाही, हे सांगायला मी उभा राहिलो, आणि हात जोडून खाली बसलो.