उकडहंडीचं भांडण

मुलगी उधव्याला दिली तेव्हापासून दर हिवाळ्यात माझं आणि व्याह्यांचं एकच भांडण. कंद, रताळी, वालपापडी, वांगी हिरवं वाटण लावून मडक्यात भरायची, तोंड पाल्याने बंद करायचं आणि मडकं उलटं करून आगीत ठेवायचं. आम्ही डहाणूकर त्याला उकडहंडी म्हणतो. व्याह्यांच्या घरात गुजराती बोलतात, म्हणून त्यांचं ते उंबाडियू. मी म्हणायचो, खरं नाव आमचंच. ते म्हणायचे, मडकं आमच्या वाडीत लागतं ना, मग नावही आमचंच. दुसऱ्यांदा वाढून घेताना मात्र दोघंही गप्प.

यंदा मुलीने दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, "रविवारी व्हेज पॉट पार्टी! सगळ्यांनी या." खाली नातवंडांचे अंगठे आणि बदाम. माझं डोकंच फिरलं. पॉट म्हणे! चष्मा लावून चांगलं खरमरीत उत्तर लिहायला बसलो. पण मी एका बोटाने टाइप करणारा, आणि फोन मध्येमध्ये आपलेच शब्द घुसडतो.

तेवढ्यात व्याह्यांचा व्हॉइस मेसेज आला. ते टाइप करण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. म्हटलं, घ्या, आता उंबाडियूवर भाषण ऐका.

आवाज चांगलाच तापलेला होता.

"सूनबाई, पार्टी वाढदिवसाला करतात. रविवारी आपल्याकडे उकडहंडी आहे."